भुऱ्याच्या कानातला बिल्ला

नूरमोहम्मदच्या हाताला यश होतं आणि जिभेला हाड नव्हतं. जव्हारच्या बाजारात या दोन्ही गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. घासलेटचा रिकामा डबा त्याच्यापुढे टाकला, की तासाभरात त्याचं नरसाळं, चाळणी नाहीतर वातीची चिमणी होई. त्याची चिमणी कधी गळत नसे. जोडाला डाग कुठे दिलाय ते शोधूनही सापडत नसे. आसपासच्या पाड्यांवर लोक चिमणी घेताना ‘नुरूशेटची आहे का’ म्हणून विचारत आणि बुडाखाली बोट फिरवून खात्री करून घेत.

जिभेचं म्हणाल, तर तिचाही गिऱ्हाइकवर्ग होता. दुकानासमोर तुकाचं चहाचं दुकान, त्याच्या बाकड्यावर सकाळ-संध्याकाळ सहा-सात टाळकी बसलेली, आणि त्यांना रोज काहीतरी ताजं लागे. एकदा नवीन बदलून आलेल्या मास्तरांना नूरमोहम्मदने अगदी गंभीर तोंडाने सांगितलं, की जव्हारात पावसाळ्यात छत्रीवर कर बसतो. मास्तर छत्री घेऊन कर भरायला गेले. परत आले तेव्हा स्वतःच पोट धरून हसत होते, आणि सगळ्यांचा चहा त्यांनीच पाजला. असल्या गमतींवर नूरमोहम्मदचं नाव झालेलं होतं. माणसाचं एकदा असं नाव झालं की ते राखावं लागतं, आणि तिथेच घोडं पेंड खातं.

एक्क्याऐंशी सालची गोष्ट. गरिबांना शेळ्या वाटायची योजना नुकतीच निघाली होती. शेळी मिळाली की तिचा विमा उतरायचा आणि विम्याची खूण म्हणून तिच्या कानात नंबरचा बिल्ला मारायचा. जामसरच्या बाजूला बिल्ले मारायला निघालेल्या डॉक्टरांचा हाताखालचा माणूस ऐनवेळी तापाने पडला. पकड धरायला घट्ट हात हवा होता. कोणीतरी नूरमोहम्मदचं नाव सुचवलं. दोन दिवसांची मजुरी, वर जीपमधून फिरायला मिळणार. तो दुकान बंद करून निघाला.

मोहाच्या झाडाखाली शेळ्या बांधल्या होत्या. डॉक्टरांनी उभं राहून सगळ्यांना नीट समजावलं. शेळी मेली तर बिल्ल्यासकट कान कापून दवाखान्यात आणायचा. बिल्ला हरवला तर भरपाई नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग डॉक्टर सावलीत टेबलाशी कागद लिहीत बसले आणि नूरमोहम्मद कानामागून कान टोचत सुटला. बारक्या नावाचा पाड्यावरचा एक गडी शेळ्या धरत होता. प्रत्येक शेळीमागे नूरमोहम्मदचं काहीतरी चाललेलंच होतं. ही तर नवरी, हिला कुडी घाला. हा बोकड सरकारी नोकर झाला, आता हा काम करणार नाही. लोक हसत होते, शेळ्या ओरडत होत्या, काम भराभर उरकत होतं.

फागी बाजूला उभी होती. साठीची बाई, अंगाने काडी, ओच्यात कुत्र्याचं पिल्लू. तिचं शेळ्यांच्या यादीत नाव नव्हतं. यादी कधी झाली तेच तिला कळलं नव्हतं. तिची झोपडी पाड्याच्या अगदी टोकाला, पुढे रान. घरात ती एकटी. त्याच पावसाळ्यात तिची कुत्री वाघाने नेली होती. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. मागे हे एवढंसं पिल्लू राहिलं. त्याला तिने चिंधीची वात भिजवून शेजारणीच्या शेळीचं दूध पाजून वाढवलं. रंग राखाडी, म्हणून नाव भुऱ्या. वाघाच्या भीतीने ती त्याला घरात, आपल्या गोधडीपाशी खांबाला बांधून ठेवी आणि दाराला ताटी लावून घेई. कुत्रा घरात आणि शेतात रानडुकरं. तोंडाशी आलेली नागली डुकरं लोळवून जात, आणि भुऱ्या आतून नुसता केकाटत राही. कुत्रा राखावा की नागली राखावी, एवढाच तिच्यापुढे प्रश्न होता. पण तो रोजचा होता.

शेळ्या संपत आल्या तशी ती पुढे झाली.

“नुरूशेट, ह्या कुत्र्याचा होल का इमा?”

“होईल की, बाय. कुत्र्याला काय कान नाहीत?”

लोक हसले. फागी हसली नाही. ती विचारायला आली होती.

“मेला तं काय देतील?”

“दुसरा कुत्रा. सरकारी. पट्टा घातलेला.”

“दुसरा नको मना. ह्योच राहाया पायजे.” तिने थोडा विचार केला. “बिल्ला असला का वाघ नाय ना नेणार?”

इथे नूरमोहम्मदला थांबता आलं असतं. ‘नाही बाय, मी आपली मस्करी केली’ एवढंच म्हणायचं होतं. पण भोवती वीस-पंचवीस तोंडं आ करून उभी होती आणि त्याच्या जिभेवर वाक्य तयार होतं. तयार वाक्य गिळणं त्याला जन्मात जमलं नव्हतं.

“सरकारी मालाला वाघ हात लावत नाही, बाय. कानात बिल्ला चमकला की वाघाला कळतं, इथे पंचनामा होणार. तो आल्या पावली मागे फिरतो.”

असा हशा पिकला की डॉक्टरांनी कागदातून मान वर करून काय झालं म्हणून विचारलं. काही नाही साहेब, म्हणून बारक्याने सांगितलं.

“किती पडल?” फागीने विचारलं.

“एक कोंबडी. दुकानात ये बाजाराच्या दिवशी.”

“इचार करते,” म्हणाली आणि पिल्लू सावरत निघून गेली.

तिने खरोखरच विचार केला, आणि आठवडाभर केला. हे नूरमोहम्मदला पुढे तिच्याच तोंडून कळलं, आणि कळलं तेव्हा ऐकवत नव्हतं. तिने आधी वाघदेवाचा हिशोब मांडला. दर वाघबारशीला ती त्याच्यापुढे नारळ ठेवत होती, तरी कुत्री गेलीच. वाघदेवावर तिचा राग नव्हता. त्याला एवढं रान सांभाळायचं, एखादं कुत्रं नजरेतून सुटायचंच. पण त्याच्या जोडीला सरकारही राखणीला उभं राहत असेल तर वाईट काय? मग कोंबडी. कोंबडी एकच होती आणि ती अंड्यावर होती. ती दिली तर पुढे काय? मग तिने बारक्याला विचारलं, की कुत्र्याचा खरंच विमा होतो का रे. बारक्या त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसला होता, पण आपण कशाला हसलो ते आता म्हातारीला कोण सांगत बसणार. तो म्हणाला, नुरूशेट बोलला तर होत असेल. शेवटी तिने घरातल्या चिमणीकडे बघितलं. सात वर्षं झाली, थेंब गळला नव्हता. असला माणूस खोटं कशाला बोलेल? तिने ठरवलं, विमा करायचा.

बाजाराच्या दिवशी ती तीन तास चालून जव्हारला आली. एका हातात दोरीला भुऱ्या, दुसऱ्या हातात पेंढ्यात गुंडाळलेली चार अंडी. नूरमोहम्मद हे सगळं विसरूनही गेला होता. ती दुकानापुढे उभी राहिली आणि म्हणाली,

“कोंबडी आत्ता नाय देत. खुडूक बसल, पिल्ला काढल, मंग देन. आत्ता ही अंडी घे.”

क्षणभर त्याला चरकल्यासारखं झालं. बाई तीन तास चालून आली होती. तिच्या पायांवरची धूळ त्याला दिसत होती. ‘बस बाय, चहा घे, आणि ऐक’ असं म्हणायला त्याने तोंड उघडलंही. पण समोरच्या बाकड्यावरून तुका ओरडला, “नुरूभाई, विमा ऑफिस उघडलं वाटतं.” टाळकी वळून बघायला लागली. झालं. नूरमोहम्मदने अंडी घेतली, बैठक मारली, आणि कात्रीने पत्रा कापला.

आणि बिल्ला केला तोही कसा! चेष्टेचाच करायचा होता तर वेडावाकडा तुकडा पुरला असता. पण हाताला वाईट काम ठाऊकच नव्हतं. कडा घासून गोल केल्या, आकड्यांच्या खिळ्यांनी एकशे सतरा हा नंबर सरळ रेषेत ठोकला, राखेने घासून लख्ख चमकवला. फागीने भुऱ्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं. “सोस रं, सोस जरा, तुझ्याच भल्याचा हाय,” ती त्याला समजावत होती. नूरमोहम्मदने टोच्या मारला. पिल्लू जिवाच्या आकांताने किंचाळलं. बाकड्यावर लोक हसून हसून एकमेकांच्या अंगावर पडत होते. फागीने कानावरचं रक्त पदराने टिपलं, बिल्ल्यावर बोट फिरवून बघितलं आणि समाधानाने निघाली.

चार अंड्यांचं ऑम्लेट तुकाने करून दिलं. सगळ्यांनी वाटून खाल्लं. नूरमोहम्मदनेही खाल्लं, आणि त्याला ते चांगलं लागलं होतं. पुढे त्याला सगळ्यात जास्त लाज कशाची वाटली असेल तर याची.

दिवाळीच्या आदल्या बाजाराला फागी परत आली. बाकडं भरलेलं होतं. तिच्या काखेत कोंबडी होती, पाय सुतळीने बांधलेली, आणि हातात सागाच्या पानाची पुडी. कुत्रा नव्हता. तुकाने तिला येताना पाहिलं आणि कोणाला तरी कोपराने ढोसलं. फागीने पुडी नूरमोहम्मदपुढे ठेवली आणि उघडली.

आत कान होता. राखाडी, वाळत चाललेला, आणि त्यात बिल्ला. एकशे सतरा. आकडे सरळ रेषेत.

“वाघानी नेला,” ती म्हणाली. “बाकी काय नाय गावला. ओहोळात कान गावला. दागतर बोलला होता ना, कान आणायचा.”

बाकड्यावरचं हसू मध्येच विझलं. कोणीतरी कप खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

“बाहेर बांधला होता,” फागी सांगत होती. “बिल्ला होता ना, मंग घरात कशाला कोंडायचा? चांगला राखत होता. डुक्कर फिरकला नाय वीस दिस. पण चूक माजीच झाली. तू कोंबडी बोललास, मी अंडी दिली. अर्ध्या हप्त्याचा इमा कसा चालल? वाघाला पण कळतंय ते.” तिने काखेतली कोंबडी काढून त्याच्या हातात दिली. “ही घे. राग नको धरू. आता कुत्राच नाय, तं कोंबडी तरी कशाला ठेवू.”

ती माफी मागत होती. नूरमोहम्मदच्या डोक्यात एवढंच शिरलं, की ही बाई आपली माफी मागते आहे. कोंबडी परत करावी तर का परत करतो ते सांगावं लागणार. ते सांगायचं तर या बाकड्यासमोर सांगावं लागणार, आणि तिच्या तोंडाकडे बघून सांगावं लागणार. त्याने मान खाली घातली आणि कोंबडी घेतली. फागी उठली, मीठ-मिरची घ्यायला बाजारात गेली.

तुकाने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

नूरमोहम्मदने कान दुकानामागे पुरला. बिल्ला काढायचं त्याला धाडस झालं नाही, कानासकटच पुरला. त्याने स्वतःची समजूत घालून बघितली, की वाघ काय, कुठलंही कुत्रं नेतो, बिल्ला नसता तरी नेलंच असतं. पण बिल्ला नसता तर कुत्रा ताटीच्या आत होता. हे गणित त्याने चार वेळा उलटसुलट करून पाहिलं. उत्तर एकच येत होतं.

घरी गेला तर बिलकीसने कोंबडी बघून विचारलं, “किसकी है?” त्याने सगळं सांगितलं. बायकोपासून त्याने आजवर काही लपवलं नव्हतं, आणि आज लपवता आलं असतं तर बरं असं प्रथमच वाटलं. बिलकीसने ऐकून घेतलं. ती भांडली नाही. “और आपने ले ली?” एवढंच म्हणाली आणि कोंबडी मागच्या दाराशी नेऊन बांधली. दुसऱ्या दिवशी सकाळी कोंबडीने अंडं घातलं. ते ताटात कोणी वाढलं नाही आणि कोणी मागितलंही नाही. तिसऱ्या दिवशी दुसरं घातलं. मागच्या दारी जायची नूरमोहम्मदला लाज वाटू लागली. माणसाला कोंबडीसमोर मेल्याहून मेल्यासारखं होतं हे त्याला कोणी सांगितलं असतं तर त्याने त्यावर चांगला विनोद केला असता.

चौथ्या दिवशी तो एसटी डेपोच्या मागे गेला. तिथे एक कुत्री व्यालेली होती. धडधाकट बघून एक पिल्लू उचललं, पिशवीत घातलं, कोंबडी काखेत मारली आणि जामसरची वाट धरली. एसटीने अर्ध्या वाटेपर्यंत जाता आलं असतं. तो चालत गेला. ज्या वाटेने ती बाई दोनदा आली-गेली, ती वाट किती लांब आहे ते तरी कळू दे, असं त्याच्या मनात होतं. वाट चांगलीच लांब होती.

फागी अंगणात नागलीची कणसं वाळत घालत होती. जागोजागी मोडलेली ताटं शेतात दिसत होती. डुकरं परत आली होती. नूरमोहम्मदने पिशवीतून पिल्लू काढून तिच्यापुढे ठेवलं. म्हातारीचं तोंड उजळलं. तिने पिल्लाला उचललं, त्याचं पोट बघितलं, पंजे बघितले.

“सरकारनी धाडला?” ती म्हणाली. “मना वाटला नव्हता देतील. अर्ध्याच हप्त्यावर दिला. तूच बोलला असशील माज्यासाठी.”

नूरमोहम्मदने तोंडातल्या तोंडात काहीतरी केलं. ते हो नव्हतं, नाही पण नव्हतं. घरातून निघताना त्याने सांगायची वाक्यं जुळवून आणली होती, पण आता इथे एक मोकळी वाट आपोआप समोर आली होती. गप्प बसायचं, बस्स. विमा खरा ठरत होता, बाई खूश होती, कुत्रा मिळाला होता, नाव शाबूत होतं. त्याच्या छातीवरचं ओझं खरोखरच हलकं झालं. त्याला हसूसुद्धा येऊ घातलं.

फागीने दाराबाहेरच्या मेढीची दोरी सोडून हातात घेतली. भुऱ्याचीच दोरी ती. पिल्लाच्या गळ्यात फास घालता घालता म्हणाली, “बिल्ला आणलास ना? आता पुरा हप्ता हाय. आजपासून बाहेरच बांधते.” आणि तिने पिल्लाचा कान दोन बोटांत धरून त्याच्यापुढे केला.

“बाय, सोड त्याचा कान,” नूरमोहम्मद म्हणाला.

तिने कान सोडला.

“विमाबिमा काही नव्हता. कुत्र्याचा विमा होत नाही. बिल्ला मी डब्याच्या पत्र्याचा केला. वाघाचं जे बोललो ते लोकांना हसवायला बोललो. हे पिल्लू सरकारने नाही दिलं, मी डेपोमागून उचलून आणलं. भुऱ्या माझ्यामुळे गेला. तुझी काही चूक नव्हती. तू माफी मागितलीस तेव्हाच हे सांगायला पाहिजे होतं, तेव्हाही मी भ्यालो.”

एका दमात बोलला. यातलं एकही वाक्य त्याने जुळवून आणलेलं नव्हतं. फागी रागावेल, शिव्या देईल, पाड्यावरच्या माणसांना हाक मारेल, असं त्याला वाटलं, आणि तसं झालं तर बरं असंही वाटलं. तिने यातलं काही केलं नाही. गळ्यातला फास सोडला, पिल्लाला आत नेलं, आणि आतून खांबाला दोरी बांधल्याचा आवाज आला. बराच वेळ ती बाहेर आली नाही. नूरमोहम्मद कोंबडी घेऊन उन्हात उभा होता. जायची सोय नव्हती आणि थांबायला तोंड नव्हतं.

मग ती आली ती पाण्याचा तांब्या घेऊन. एवढ्या लांबून चालत आलेल्या माणसाला पाणी द्यायचं असतं, म्हणून दिलं. कोंबडी त्याच्या हातातून घेतली, पायांची सुतळी सोडली आणि अंगणात सोडून दिली. तो पाणी पीत होता, तशी ती उंबऱ्यावर बसली.

“तिकडं दुकानाशी ती सगळी हसत होती, ती ह्यालाच?” तिने विचारलं.

“हो.”

“मना वाटला, त्यांचा त्यांचा कायतरी चाललाय.” तिने एक कणीस उचललं, दाणे हातावर चोळले, फुंकर मारली. “मना पण सांगायचा होतास तवाच. मी पण हसली असती. न् कुत्रा घरात बांधला असता.”

नूरमोहम्मदने तांब्या खाली ठेवला.